वाटणीतल्या दोन डिस्क

दामाजी मेस्त्रींच्या दोन मुलांची वाटणी भांडण न होता झाली, आणि माशी शिंकली ती तिथेच. भांडण झालं असतं तर दोघांनी एकमेकांना चार शिव्या घातल्या असत्या, एकेक वस्तू उलटीपालटी करून पाहिली असती, आणि जे काय असेल ते तिथल्या तिथे बाहेर आलं असतं. पण नाही. दोघेही सभ्य. आपण फार मोठ्या मनाचे आहोत असं दोघांनाही वाटत होतं. मोठ्या मनाची माणसं घेतलेली वस्तू तपासून बघत नाहीत.

वागळे इस्टेटमध्ये त्यांचा गाळा. तिथे डाय बनायच्या, म्हणजे पत्रा दाबून हवा तसा आकार काढायचे लोखंडी साचे. दामाजी कणकवलीकडून ठाण्यात आले तेव्हा हातात एक कानस आणि माप घ्यायचा एक व्हर्नियर होता, जाताना मागे गाळा आणि दोन मुलं ठेवून गेले. थोरला महेंद्र मशीनवरचा माणूस. धाकटा संदेश ड्रॉइंगवरचा. दामाजींनी जन्मभर पेन्सिलीने काढलेली ड्रॉइंग संदेशने सहा वर्षं बसून कॉम्प्युटरवर नव्याने काढली. अकराशे चाळीस ड्रॉइंग. एकेका डायचं माप, कुठे किती सूट ठेवायची, कुठली धार आधी झिजते, सगळं त्यात. मूळ कागद पिवळे पडून फाटायला लागलेले, वर जागा अडवत होते, म्हणून महेंद्रनेच एका दिवाळीच्या साफसफाईत ते रद्दीवाल्याला दिले. संदेश तेव्हा काही बोलला नाही. कॉम्प्युटरमध्ये आहे ना सगळं, मग झालं.

वाटणीचं कारणही साधंच. संदेश डोंबिवलीला राहायला गेलेला. रोज तिथून वागळे इस्टेट गाठायची म्हणजे माणूस अर्धा रस्त्यातच संपतो. डोंबिवलीच्या एमआयडीसीत एक छोटा गाळा भाड्याने मिळत होता. "दादा, मी तिकडे सुरू करू का?" त्याने विचारलं. महेंद्र म्हणाला, "कर की." आतून त्याला लागलं होतं, पण ते बोलून दाखवलं तर तो महेंद्र कसला.

वाटणीला गावाहून आनंदामामा आले. मामा ऐंशीचे, पण रीतभात एकही विसरलेले नाहीत. गाळ्यात खुर्ची टाकून बसले आणि म्हणाले, "थोरल्यान वाटे करूचे, धाकट्यान पयलो वाटो उचलूचो." ही त्यांच्याकडची जुनी चाल. वाटे करणाऱ्याला माहीत असतं की आधी उचलणार दुसरा, त्यामुळे तो झक मारत सारखे वाटे करतो. उचलणाऱ्याला तक्रारीला जागा नाही, कारण त्यानेच उचललेलं. चाल शहाण्या माणसांनी घातलेली आहे. फक्त त्या शहाण्यांनी कॉम्प्युटर बघितला नव्हता.

महेंद्रने मशीनचे वाटे केले, मशीनचे वाटे अगदी सारखे कुठून होणार, आणि संदेशने त्यातला लहान वाटा उचलला. महेंद्रला ते आवडलंही आणि रागही आला. मग राहिला कॉम्प्युटर. तो जुना झालेला, पंखा ट्रकसारखा घरघरायचा. दोघांनी ठरवलं की आपापला नवीन घेऊ, यातला माल तेवढा वाटून घेऊ. महेंद्रने स्क्रू काढून डबा उघडला, आणि आत एकसारख्या दोन हार्ड डिस्क निघाल्या. एकाच कंपनीच्या, एकाच मापाच्या.

तेव्हा दोघांना एकदमच आठवलं. सहा वर्षांपूर्वी हा कॉम्प्युटर बसवून देणारा माणूस जाताना म्हणाला होता, "दोन डिस्क टाकल्यात, आता बिनधास्त काम करा." तो पुढे दुबईला गेला. बिनधास्त म्हणजे काय ते त्याला कोणी विचारलं नव्हतं. दोघांनी आपापल्या मनाने धरलेलं की एक खरी आणि दुसरी तिची नक्कल. एक गेली तर दुसरी आहे.

"बघा," मामा म्हणाले, "देवान पण दोनच दिल्यान." आणि पुढे म्हणाले ते महेंद्रच्या डोक्यात कायमचं बसलं, "काठी मारल्यान पाणी दुभंगत नाय रे."

आता टूलरूममधला, मापात काम करणारा माणूस डिस्क कशी काढेल? महेंद्रने हात धुतले, पुसले. अंगातली वीज उतरावी म्हणून मशीनच्या बॉडीला हात लावला, हे त्याने कुठेतरी ऐकलेलं. दोन्ही डिस्क नीट सोडवल्या, फडक्यावर शेजारी शेजारी ठेवल्या. मामांनी मान हलवली, रीत म्हणजे रीत, आणि संदेशने आधी उचलली. उजवीकडची. महेंद्रने डावीकडची घेतली, स्पंजात गुंडाळली आणि घरी जाताना रिक्षात मांडीवर धरून नेली. नवजात पोर न्यावं तसं. रिकामा डबा दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याने नेला.

एवढी काळजी घेतली, आणि घ्यायची ती राहिलीच. एकेक डिस्क आधी दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून बघायची होती. जुना डबा चालू असेपर्यंत सगळं तिसरीकडे उतरवून घ्यायचं होतं. दहावीतलं पोरसुद्धा हे सांगतं. पण भावाच्या समोर, मामाच्या समोर, "थांब, चालतेय का बघू" म्हणायचं म्हणजे भावावर संशय घ्यायचा. तसं दोघेही म्हणाले नाहीत. संशय पुढे घेतला, तो मात्र पोटभर घेतला.

नवीन कॉम्प्युटर आला. तो बसवायला सौमित्र आला, लोकमान्यनगरात त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. त्याने डिस्क लावली, दोन-तीनदा काढली, परत लावली.

"काका, ही कोरी आहे."

"कोरी कशी असेल?"

"आत काहीच दिसत नाहीये. कॉम्प्युटर विचारतोय, फॉरमॅट करून वापरायला घेऊ का."

महेंद्र स्क्रीनकडे बघत राहिला. त्याच्या डोळ्यांपुढे तो फडका आला, दोन डिस्क, आणि संदेशचा हात. संदेशने विचार न करता उजवी उचलली होती. विचार न करता? का आधीच विचार करून? सहा वर्षं त्या कॉम्प्युटरपुढे कोण बसायचं? कुठल्या डिस्कमध्ये काय आहे ते कोणाला माहीत असणार?

घरी वर्षाली म्हणाली, "भावजींना एक फोन करा ना. विचारा की तुझी चालतेय का म्हणून." साधी गोष्ट. एका मिनिटाचा फोन.

"मी कशाला करू? त्याला माहिती आहे त्याने काय केलं ते."

"काय केलं?"

"भरलेली घेऊन गेला, कोरी मला दिली."

"तुम्हाला ती ड्रॉइंग हवीत तरी कशाला? तुम्ही नमुना बघून काम करता."

हे खरं होतं आणि म्हणूनच झोंबलं. महेंद्रला ड्रॉइंग लागत नव्हती. लोक तुटकी डाय आणून द्यायचे, तो हातात घेऊन तशीच दुसरी करायचा. ड्रॉइंगशिवाय अडणार होतं ते संदेशचं. पण माणसाला जे लागत नाही, त्यात फसवलं गेलं तरी राग तेवढाच येतो, नव्हे जास्तच येतो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथे तर सुंभ जळलाही नव्हता.

फोन केला नाही. संदेशचाही आला नाही. आला नाही म्हणून महेंद्रची खात्रीच झाली. चोराच्या मनात चांदणं, तो म्हणाला. वर्षालीने पुढे विषय काढणं सोडलं.

दोन महिन्यांनी शेजारच्या गाळ्यातून तांब्याच्या वायरी चोरीला गेल्या. महेंद्रने गेटवर आणि शटरवर कॅमेरे बसवून घ्यायचे ठरवले. सौमित्र आला, रेकॉर्डरचा डबा भिंतीवर ठोकला आणि म्हणाला, "काका, रेकॉर्डिंगला एक डिस्क लागेल."

महेंद्र ड्रॉवरकडे गेला. स्पंजातून ती डिस्क काढली.

"ही घाल. रिकामीच आहे."

"नक्की ना, काका? फॉरमॅट मारावं लागेल."

सौमित्रने विचारलं होतं. त्याला दोष द्यायला जागा नाही. महेंद्र त्या वेळी लेथवर जॉब लावत होता, त्याने मागे वळूनही पाहिलं नाही.

"मार," तो म्हणाला.

झालं. त्या दिवसापासून त्या डिस्कवर गाळ्याचं गेट रेकॉर्ड होऊ लागलं. टेम्पो, कुत्री, चहावाला, सकाळी शटर उघडणारा महेंद्र, संध्याकाळी शटर ओढणारा महेंद्र. मोबाइलमध्येही बघता येतं असं सौमित्रने दाखवलं होतं. महेंद्रने ते एकदाही उघडलं नाही. आपल्याकडे कोण यायचंय?

गणपतीला दोघे भाऊ गावी गेले, ते वेगवेगळ्या दिवशी. दिवाळीला फराळाचे डबे आले-गेले नाहीत. मामांनी फोनवर एकदा विचारलं, "दोघांचा बरा असा मां?" महेंद्र म्हणाला, "बरंय." वाटणीला चौदा महिने झाले.

आणि मग मार्चमधल्या एका दुपारी संदेश गाळ्यात आला.

महेंद्र जेवण करून डबा धूत होता. वळला तर दारात भाऊ. केस बरेच पिकलेले. हातात पांढऱ्या पंच्यात गुंडाळलेलं काहीतरी, दोन्ही हातांनी धरलेलं. महेंद्रला त्या गाठोड्याचं माप बघताच कळलं ते काय आहे. मापं कळण्यातच त्याचा जन्म गेलेला.

"दादा, बसू का?"

"बस की. विचारतोस काय."

संदेश स्टुलावर बसला. पाणी प्यायला. इकडचं तिकडचं काही न विचारता त्याने सरळ सांगायला सुरुवात केली, जसा तो ड्रॉइंग समजावून सांगायचा तसं. त्याच्या नव्या गाळ्यात कामं मिळत होती, पण फुटकळ. ड्रॉइंग नाहीत म्हणून जुनी गिऱ्हाइकं परत जात होती. आता अंबरनाथच्या पंप बनवणाऱ्या कंपनीने बोलावलं होतं. बाबांच्या काळातल्या त्यांच्या चाळीस डाय झिजल्यात, त्या सगळ्या नव्याने हव्या होत्या. जुने नमुने त्यांच्याकडे उरलेले नाहीत. ड्रॉइंग असतील तर काम संदेशचं, नाहीतर दुसऱ्याचं. सोमवारपर्यंत सांगायचं होतं. "हे मिळालं तर गाळा चालेल. नाहीतर बंद करतो नि कुठेतरी चिकटतो. पन्नाशीला कोण घेईल ते बघू."

"पण तुझ्याकडे तर ड्रॉइंग आहेत," महेंद्र म्हणाला.

संदेश हसला. थकलेलं हसू. "तिथेच तर सगळी गंमत झाली. माझी कोरी निघाली, दादा. नवीन कॉम्प्युटरला लावली तर काहीच नाही."

महेंद्रच्या हातातून डब्याचं झाकण खाली पडलं. ते गोल फिरत, संदेशच्या वाट्याला गेलेल्या मिलिंग मशीनच्या रिकाम्या जागेपर्यंत गेलं.

"मला वाटलं, तू मला कोरी दिलीस," संदेश म्हणाला. "वाटे तू केलेले ना. मी म्हटलं, दादाने मुद्दाम... वर्षभर मी तुझ्याबद्दल वाईट मनात आणलं. घरी प्रियांकाला पण सांगितलं. तिने मला वेड्यात काढलं, म्हणाली, विचारा तरी एकदा. मी नाही विचारलं. फेकून पण नाही दिली, कपाटात ठेवली. बाबांचं आहे म्हटल्यावर हातच होईना. परवा कंपनीचा फोन आला तेव्हा शेवटचं म्हणून नौपाड्यात एक बाई आहेत, डिस्कमधला गेलेला डेटा काढून देतात, त्यांच्याकडे घेऊन गेलो. त्यांनी दहा मिनिटं बघितली आणि मला विचारलं, हिची जोडी कुठे आहे?"

"जोडी?"

"नक्कल नव्हती ती, दादा. त्या दुबईवाल्याने दोन्ही डिस्क जोडून एक केलेली. काम भराभर व्हावं म्हणून. प्रत्येक ड्रॉइंगचा अर्धा भाग हिच्यावर, अर्धा तिच्यावर. एकटी लावली की कोरीच दिसणार. दोन्ही एका कॉम्प्युटरला लावल्या की सगळं जसंच्या तसं. बाई म्हणाल्या, हिला एक ओरखडा नाही, दुसरी पण अशीच असेल तर उद्याच काढून देते." संदेशने पंच्यावर हात ठेवला. "आपण दोघं मूर्ख. तुझी पण कोरीच निघाली असणार ना? आणि तुला वाटलं असणार की मी..."

तो उठला आणि कोणाला काही कळायच्या आत वाकून महेंद्रच्या पायाला हात लावला. "मला माफ कर. माझ्याच मनात पाप आलेलं."

आता बोलायचं होतं. याच क्षणी. तुझ्या मनात पाप आलं, मी तर करून बसलो, एवढी दोन वाक्यं. महेंद्रच्या डोक्यावर, भिंतीवर, रेकॉर्डरचा हिरवा दिवा लुकलुकत होता. वाकलेल्या संदेशला तो दिसत नव्हता.

"तुझी आहे ना नीट?" संदेशने विचारलं.

"आहे," महेंद्र म्हणाला. "घरी. कपाटात."

का म्हणाला? देव जाणे. भाऊ पाया पडून उठलेला, डोळे ओले, आणि त्याच्या तोंडावर सांगायचं की तुझी सहा वर्षं मी कुत्री-टेम्पो मोजायला लावली? खोटं बोलणं हे कधीकधी पळून जाण्यासारखं असतं, फक्त पाय हलवावे लागत नाहीत.

"मग उद्या अकरा वाजता नौपाड्यात ये. मी पत्ता पाठवतो." संदेश निघाला. दारातून परत वळून म्हणाला, "दादा, लेथचा आवाज जरा जास्त येतोय. बेअरिंग बघ."

तो गेल्यावर महेंद्रने सौमित्रला फोन लावला.

"त्या रेकॉर्डरच्या डिस्कवरचं आधीचं काही निघेल का रे?"

"आधीचं? तुम्ही तर कोरी म्हणालेलात."

"निघेल का, ते सांग."

"नुसतं फॉरमॅट असतं तर थोडंफार निघालं असतं, काका. पण वर वर्षभर रेकॉर्डिंग चाललंय. पाटी भरली की पुसायची, परत लिहायची, परत पुसायची. पहिलं काय लिहिलेलं ते पाटीला तरी कुठून आठवणार?"

घरी त्याने वर्षालीला सांगितलं. ती भाकरी थापत होती, ती थांबली. "आत्ता फोन करा. आत्ता सांगा त्यांना. उद्या तिथे जाऊन कळलं तर फार वाईट होईल."

"बाई हुशार आहेत म्हणे. कदाचित निघेल."

"निघणार नाही हे तुम्हाला ठाऊक आहे."

ठाऊक होतं. तरी फोन केला नाही. चौदा महिने केला नाही तो आजही केला नाही. माणूस एकच चूक आयुष्यभर करत राहतो, फक्त तिच्या तारखा बदलतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने रेकॉर्डर बंद केला, डिस्क काढली, त्याच जुन्या स्पंजात गुंडाळली. नौपाड्यात एका दवाखान्याच्या वर दोन खोल्यांचं ऑफिस होतं. रसिका नावाच्या बाई, पस्तिशीच्या, कामाशी काम. संदेश आधीच येऊन बसलेला. त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता. शेजारच्या खुर्चीवर पेढ्यांचा पुडा होता, तो महेंद्रने पाहिला आणि न पाहिल्यासारखं केलं.

रसिकाबाईंनी दोन्ही डिस्क शेजारी शेजारी ठेवल्या. चौदा महिन्यांनी त्या परत एका फडक्यावर आल्या. आधी संदेशची लावली, मग महेंद्रची. बराच वेळ काहीतरी चालू राहिलं. त्यांच्या कपाळावर आठी आली.

"ही नक्की तीच आहे?"

"तीच," महेंद्र म्हणाला.

"नंबर तर जोडीचाच आहे. पण हिच्यावर..." त्यांनी कुठलंसं सॉफ्टवेअर लावलं, आणि स्क्रीनवर चित्र आलं. गाळ्याचं गेट. कोपऱ्यात तारीख आणि वेळ, कालची दुपार. "यावर कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग आहे. सगळी भरलीय, टोकापासून टोकापर्यंत."

स्क्रीनवर गेटबाहेर संदेश आला. कालचा संदेश, हातात पंच्याचं गाठोडं. तो आत आला नाही. गेटपाशी उभा राहिला. मागे फिरला, चहाच्या टपरीपर्यंत गेला, परत आला. गाठोडं या हातातून त्या हातात घेतलं. घड्याळाचे आकडे पुढे सरकत होते. नऊ मिनिटं तो तिथे उभा होता. मग शर्ट नीट केला आणि आत शिरला.

महेंद्रला ती नऊ मिनिटं बघवेनात, आणि नजरही काढता येईना.

"मला वाटलं कोरी आहे," तो म्हणाला. "मला वाटलं तू मला... मीच लावायला सांगितली. मीच सांगितलं फॉरमॅट मार म्हणून. काल सांगायला पाहिजे होतं. चुकलो मी, संदेश. फार चुकलो रे."

संदेश स्क्रीनकडेच बघत होता. रागावला असता तर बरं झालं असतं. ओरडला असता, पेढ्यांचा पुडा फेकून मारला असता, तरी महेंद्रने तो अंगावर झेलला असता. पण तो शांत बसलेला, ड्रॉइंगमधली चूक शोधताना बसायचा तसा.

"बाई," त्याने विचारलं, "जरा मागचं दिसेल का? दिवाळीतलं? पाडव्याच्या दिवशी मी गेलेलो गेटपर्यंत. ही डिस्क पिशवीत होती, फराळाचा डबा पण होता. म्हटलं विचारूनच टाकू एकदाचं. आतून लेथचा आवाज येत होता. सणाच्या दिवशी पण दादा कामावर, म्हणजे रागातच असेल, म्हणून परत आलो."

"नाही दिसणार," रसिकाबाई हळू आवाजात म्हणाल्या. "अठरा दिवसांचंच राहतं यात. भरली की सगळ्यात जुनं पुसून त्यावर नवं."

"अठरा," संदेश म्हणाला.

दिवाळीत. म्हणजे रेकॉर्डिंग चालू झाल्यावर. ड्रॉइंग तेव्हाही गेलेलीच होती, त्याने काही फरक पडला नसता, पण भाऊ आला होता. कॅमेऱ्याने बघितला होता. अठरा दिवस तो त्या रेकॉर्डरमध्ये होता, फराळाचा डबा हातात घेऊन, महेंद्रच्या डोक्यावर वीतभर अंतरावर, आणि मोबाइलचं एक बटण दाबायचं होतं.

"आणि दोन डिस्क लावल्या तर?" संदेशने विचारलं.

"रेकॉर्डरमध्ये दुसरीला जागा असते बहुतेक. मग छत्तीस दिवसांचं राहील."

संदेशने आपली डिस्क सोडवून घेतली. पंच्यात गुंडाळली, आधी होती तशीच, घडीवर घडी. आणि महेंद्रच्या पुढ्यात सरकवली.

"ही पण घे, दादा. मला आता काय करायचीय." त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर महेंद्रला कळला असता. "छत्तीस दिवस राहील."

तो बाईंना नमस्कार करून जिना उतरून गेला. पेढ्यांचा पुडा खुर्चीवरच राहिला. महेंद्र मागे धावला नाही, त्याचे गुडघे तेवढे चांगले नाहीत, आणि धावून काय सांगणार होता? दोन्ही डिस्क एका पिशवीत घालून तो रिक्षात बसला. दोन्ही अर्धे भाग आज एकाच पिशवीत होते, वाटणीच्या दिवशी असायला हवे होते तसे.

सोमवारी संदेशने अंबरनाथच्या कंपनीला नाही म्हणून सांगितलं. हे महेंद्रला आनंदामामांकडून कळलं. एप्रिलमध्ये त्याने डोंबिवलीचा गाळा सोडला आणि दुसऱ्या कोणाच्या तरी कारखान्यात ड्रॉइंगच्या टेबलावर नोकरी धरली. वरचा साहेब तिशीचा आहे म्हणे. महेंद्रने तीनदा फोन केला. तिन्ही वेळा संदेशने उचलला, "हां दादा, बरा आहे, ठेवतो, कामावर आहे," असं नीट बोलला. एकदा महेंद्र डोंबिवलीलाही जाऊन आला. प्रियांकाने चहा दिला. संदेश ओव्हरटाइमला होता, खरंच होता का कोण जाणे, महेंद्रने तपासलं नाही.

लेथचं बेअरिंग त्याने त्याच आठवड्यात बदललं. आता बाहेर उभ्या माणसाला आवाज जाणार नाही एवढा तो कमी झालाय.

सौमित्रने दुसरी डिस्क रेकॉर्डरमध्ये बसवून दिली. बसवताना त्याने काही विचारलं नाही, महेंद्रनेही काही सांगितलं नाही. आता रोज संध्याकाळी शटर ओढायच्या आधी महेंद्र स्टुलावर बसतो, चष्मा लावतो आणि दिवसभराचं गेट बघून काढतो. टेम्पो, कुत्री, चहावाला. कोणी गेटपाशी जास्त वेळ थांबलं की तो मागे नेऊन परत बघतो. बहुतेक पत्ता विचारणारे असतात.

पहिले छत्तीस दिवस झाले त्या संध्याकाळी त्याने सगळ्यात जुनं काय उरलंय ते पाहिलं. नौपाड्याच्या आदल्या दिवशीची ती दुपार, संदेशची ती नऊ मिनिटं, पुसली गेलेली होती. ती वेगळी काढून ठेवायची असतात हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं, आणि त्याने कोणाला विचारलंही नव्हतं.